कुटुंब आरोग्य कार्यक्रम : चाचणीनंतरची दुरुस्ती
(पेडगाव, जि. परभणी परिसरातील सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी अभ्यासपाठ)



एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवून आम्ही या पाठाला सुरुवात करतो. गावात आरोग्याचा कार्यक्रम झाला. फलक लागला, पाहुणे आले. मीठ कमी करा, तेल कमी करा, पालेभाज्या खा, रोज चाला, तंबाखू सोडा, असे सारे सांगून झाले. टाळ्या पडल्या. शेवटी गोड चहा व बिस्किटे वाटली, हेही ध्यानात घ्यावे! दोन महिन्यांनी त्याच घरात डोकावले तर चूल तीच, फोडणी तीच आणि मिश्रीची डबीही कोनाड्यात तिथेच. अशा वेळी दोष कुणाचा मानायचा?

आम्ही कार्यकर्ते मंडळी याचे उत्तर फार लवकर देतो. "लोकांनाच कळत नाही हो," असे म्हणून मोकळे होतो. हे वाक्य आमच्याही तोंडून अनेकदा गेले आहे, त्यामुळे ते किती सोयीचे आहे हे आम्ही जाणतो. पण आपल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना अडाणी म्हणून जन्मभर हिणवले गेले. त्याच घरातून शिकून बाहेर पडलेल्या आपण हेच वाक्य खुरपणीला जाणाऱ्या बाईला ऐकवावे काय, याचा विचार प्रत्येकाने करावयाचा आहे.

कोणताही कार्यक्रम आखला की तो प्रथम थोड्या कुटुंबांत करून पाहावा, यास चाचणी म्हणतात. चाचणीत परीक्षा कार्यक्रमाची असते, कुटुंबाची नसते. जे चालले नाही ते शोधायचे, बदलायचे, पुन्हा करून पाहायचे. ही दुरुस्ती कशी करावी याची उत्तम उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात घडलेली आहेत. त्यातील काही येथे पाहू आणि मग पेडगावकडे वळू.

जामखेडची शिकवण

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही नामांकित वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे परदेशात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. त्यांची पहिली योजना कागदावर अगदी बिनचूक होती. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात ठेवायची, तिने घरोघर जाऊन माता व बालकांची काळजी घ्यायची. प्रत्यक्षात ती योजना रुजली नाही. परिचारिका वयाने लहान, बाहेरगावची. खेड्यात एकटीने राहणे तिला अवघड. गावच्या बायकांना वाटे, हिला काय ठाऊक आमचे बाळंतपण?

येथे आरोळे दांपत्याने गावाला दोष दिला नाही. गावकऱ्यांशी बोलून त्यांनी योजनेचा तो भाग बदलला. बाहेरची परिचारिका आणण्याऐवजी गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडून आलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, बरोबर जेवत आणि शिकत. गावी परत गेल्यावर जे सांगितले ते चालले की नाही, हे पुढच्या आठवड्यात येऊन सांगत. म्हणजे कार्यक्रमाची दुरुस्ती वर्षातून एकदा, अहवालाच्या वेळी होत नसे. ती आठवड्याच्या आठवड्याला होई. परिणाम काय झाला? प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजारी १७६ असलेला बालमृत्यूचा आकडा १९९० च्या दशकात तिसाच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचा दुसरा धडा पाण्याचा आहे. डॉक्टर आरोग्यासाठी आले होते, पण दुष्काळात होरपळलेल्या लोकांची पहिली मागणी पाणी व अन्न ही होती. तेव्हा कार्यक्रमात पाणी आले. कूपनलिकांच्या जागा दलित वस्तीत येतील अशी तजवीज त्यांनी केली, त्यामुळे ज्यांनी आपल्या माणसांना पाणवठ्यावर उभे केले नाही त्यांनाच त्या वस्तीत घागर घेऊन यावे लागले. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वाचकांस याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. लोकांनी पाणी मागितले म्हणून आरोळ्यांनी लसीकरण सोडून दिले नाही. पाण्याच्या जोडीने लस दिली. लोकांचे ऐकणे आणि आपला गाभा सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मण्यांचे यंत्र

गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' संस्थेमार्फत काम सुरू केले. लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखता यावा म्हणून दाईने बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे, असा विचार होता. परंतु अनेक दायांना दहा-बाराच्या पुढे मोजणे जमत नसे, आणि न्यूमोनिया ओळखायला पन्नास-साठपर्यंत मोजावे लागते. मग दायांना गणित शिकवत बसायचे, की त्यांना नाकारून शिकलेली माणसे शोधायची?

बंग दांपत्याने दोन्ही केले नाही. त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधे यंत्र केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी ओलांडला गेला की न्यूमोनिया समजावा व औषध द्यावे. दहापर्यंत येते ना? तेवढे पुरे.

दाई तीच राहिली, साधन बदलले. सबंध पाठातील हे उदाहरण आम्हाला सर्वात मोलाचे वाटते. आपल्याकडच्या आरोग्य पत्रकांत 'ग्रॅम', 'कॅलरी', 'टक्के' असे शब्द पाहिले की आम्हाला त्या मण्यांची आठवण होते.

याच संस्थेने पुढे ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग केला. शेजारच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी दिसले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत समाविष्ट झाली.

अपयश छापून ठेवणारे

यशाच्या गोष्टी सांगणे सोपे. मुंबईची दोन उदाहरणे वेगळी आहेत.

'स्नेहा' या संस्थेने मुंबईच्या झोपडवस्त्यांत महिलांचे गट केले. ४८ वस्त्या निवडून त्यातील निम्म्या वस्त्यांत गटाच्या बैठकांतून बाळंतपण व बाळाच्या आरोग्याविषयी चर्चा घडवली, उरलेल्या निम्म्यांत गट नव्हते. नेपाळमध्ये आणि झारखंड-ओडिशात अशाच महिला गटांमुळे बालकांचे जीव वाचल्याचे सिद्ध झालेले होते. मुंबईत मात्र दोन्हीकडच्या वस्त्यांत म्हणावा तसा फरक आढळला नाही. संस्थेने हा निष्कर्ष न लपवता २०१२ साली प्रसिद्ध केला. डोंगरातल्या खेड्यात जी पद्धत चालते ती दवाखाने जवळ असलेल्या, पण माणसे सतत जागा बदलणाऱ्या शहरात तशीच चालेल असे नाही. हे उलट बाजूनेही खरे आहे. शहरातल्या सोसायटीसाठी छापलेला आहाराचा तक्ता पेडगावच्या घराला लावला तर तो भिंतीवरच राहणार.

दुसरा प्रयोग २००६ ते २०१२ या काळातला. वस्तीतील साडेसहा हजार महिलांना रोज एक खाऊ दिला. काहींच्या खाऊत पालेभाजी, फळ व दूध असे. इतरांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे पदार्थ. बाळाचे वजन वाढते का, हे पाहायचे होते. सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हा फारसा फरक निघाला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला होता त्यांच्या बाळांचे वजन सरासरीने ४८ ग्रॅम अधिक भरले, आणि सकस खाऊ घेणाऱ्यांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्के एवढे कमी आढळले. पालेभाजी वाया गेली नव्हती, उशिरा पोचली होती. म्हणून आपला पाठ फसला असे म्हणण्याआधी तो कुणाला, केव्हा आणि किती वेळा मिळाला, हे वहीत पाहावे. केरळातही मधुमेह टाळण्यासाठी शेजारगटांचा असाच कार्यक्रम ६० मतदान क्षेत्रांतील १००७ लोकांत झाला. मधुमेहाच्या आकड्यात निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाही, तरी लोकांच्या खाण्यापिण्याच्या सवयींत बदल आढळला. एकाच आकड्याकडे पाहून कार्यक्रम निकालात काढू नये.

आता पेडगाव

पुढील उदाहरण आम्ही केवळ समजुतीसाठी मांडत आहोत. तो झालेल्या कार्यक्रमाचा अहवाल नाही.

पेडगाव हे परभणीजवळचे, रेल्वेच्या रुळावरचे गाव. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी ही भोवतालची पिके. समजा, विहारात वर्षावासाच्या काळात दर रविवारी दुपारी कुटुंबांसाठी आठ पाठ ठेवले. कल्पना चांगली आहे, कारण आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचनाला माणसे विहारात येतच असतात. पण हाच काळ खुरपणीचा, फवारणीचा आणि शेवटी सोयाबीन काढणीचा. मजूर बाईला रविवार कसली सुट्टी? मग दुपारी येणार कोण, तर म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. हजेरीपट भरलेला दिसेल, पण स्वयंपाक करणारी त्यात नसेल.

म्हणून पहिली दुरुस्ती वेळेची. संध्याकाळच्या वाचनाला जोडून वीस मिनिटे घ्यावी काय? त्या वेळी तव्यावर भाकरी असते. मग दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत शेताच्या बांधावर, खुरपणाऱ्या टोळीतच बसावे काय? हे आपण ठरवू नये. ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारावे. आलेल्यांना विचारले तर "छान झाले" एवढेच कळते. चाचणीतले खरे शिक्षक न आलेले असतात.

दुसरी दुरुस्ती माणसांची. 'कुटुंब' असे आपण म्हणतो, पण घरात बाजार कोण करतो, रांधते कोण आणि वाढते कोण? पुष्कळ घरी किराणा गडी माणूस आणतो, सून रांधते, आणि मीठ-तिखटावर शब्द सासूबाईंचा चालतो. एकट्या सुनेला "मीठ कमी घाला" असे शिकवून पाठवले तर पहिल्याच जेवणाला ती बोलणी खाणार. तिघांनाही एकदम बसवल्याशिवाय मिठाचा पाठ घेऊच नये, असे आमचे मत आहे.

आणि त्या पाठाचे माप कोणते? दिवसाला माणशी पाच ग्रॅम, असे शास्त्र सांगते. पाच ग्रॅम कुणी पाहिले आहेत? त्याऐवजी हिशेब असा मांडावा. पाच मोठ्या माणसांच्या घरात रोजचे पंचवीस ग्रॅम, म्हणजे एक किलो मिठाचा पुडा चाळीस दिवस पुरला पाहिजे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ वेगळेच, आणि घरात लहान मुले असतील तर पुडा आणखी पुरायला हवा. पुडा फोडला त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने लिहावी. संपला की दिवस मोजावे. वीस दिवसांत संपला तर भाषणाची गरज नाही, पुडाच बोलतो. हे आपले मणी.

तिसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दोघींतली एक. चहामुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते, म्हणून जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, असे आपण सांगतो. पण सकाळी कामावर निघणाऱ्या बाईची न्याहारीच चहा-भाकरी असते. तिला चहा सोड म्हणणे म्हणजे न्याहारी सोड म्हणणे होय. येथे पाठ असा बदलावा. सकाळचा चहा राहू द्या. दुपारच्या व रात्रीच्या जेवणाला मात्र चहा जोडू नका, आणि वरण-भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. करडईची कोवळी भाजी, आंबाडी, तांदुळजा, घोळ, शेपू या आपल्या भागातल्या भाज्या विकत घेण्याआधी बांधावर मिळत. आता तणनाशकाच्या फवारणीने त्या कमी झाल्या, आणि फवारलेल्या शेतातली भाजी खुडूही नये. त्यामुळे "पालेभाज्या खा" या दोन शब्दांमागे परसातल्या दोन वाफ्यांचा पाठ जोडावा लागतो. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळू लागल्याने ताटातली ज्वारी मागे पडली, हेही खरे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हा लोह व जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण दिला आहे. आपल्याच जिल्ह्यातला वाण आपल्याच ताटात नसावा, याची खंत वाटते.

व्यायामाच्या पाठाबद्दल आम्हाला थोडे कडकच लिहावे लागेल. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला "रोज अर्धा तास चाला" असे सांगणे हा तिचा अपमान आहे. तिला हवी ती विश्रांती, पाठीला आराम आणि पोटभर जेवण. चालण्याचा पाठ दुकानात बसणाऱ्यांना, कचेरीत जाणाऱ्यांना, पानटपरीपर्यंतही मोटारसायकलवर जाणाऱ्यांना आणि मोबाईल घेऊन अंथरुणात लोळणाऱ्या विद्यार्थ्यांना द्यावा. एकाच घरातल्या दोघांना दोन वेगळे पाठ लागतात, हे चाचणी करून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

राहिला तंबाखूचा प्रश्न. समजा, सगळ्या पाठांत हाच पाठ लोकांना नकोसा झाला. बायका म्हणाल्या, मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. पुरुष उठून बाहेर गेले. मग तो वगळावा काय? नाही. येथे गाभा आणि रूप यांतला फरक लागू पडतो. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हा गाभा आहे. तो कुणाच्या नाराजीने बदलत नाही. बदलायचे ते रूप. पाचव्या शीलाचे नाव घेऊन चारचौघांत कुणाला खाली मान घालायला लावू नये, तो पुढच्या वेळी विहारातच येणार नाही. मिश्री सोडली तर पोट साफ कसे राहील, याचे उत्तर त्याच बैठकीत द्यावे: पाणी, पालेभाजी, ज्वारीची भाकरी. दात दुखतो म्हणून मिश्री लावत असेल तर दाताचा इलाज आधी. आक्षेपाला उत्तर नसलेला पाठ तयार झालेला नाही, असे समजावे.

वही कशी ठेवावी

विद्यार्थ्यांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. प्रत्येक बैठकीनंतर वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे आम्ही काय सांगितले ते लिहावे, उजवीकडे घरच्यांनी काय ऐकले ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. आपण सांगतो "तेल कमी वापरा", बाई ऐकते "फोडणी देऊ नका." आपण सांगतो "मुलांना पाकिटातला खाऊ देऊ नका", बाप ऐकतो "पोराला रडू द्या." उजवी बाजू शुद्ध भाषेत लिहू नये, तसे केले की वही निरुपयोगी झाली.

मग वही पुढे ठेवून चार-पाच जणांनी बसावे आणि एका वेळी एक-दोनच बदल करावेत. वेळ, जागा, शिकवणारा आणि पाठ असे सर्वच एकदम बदलले तर कशाने सुधारले हे कधीच कळणार नाही. एका घराच्या एका तक्रारीवरून पाठ फिरवू नये, पण तीच तक्रार तिसऱ्या घरात ऐकू आली तर तिला तक्रार न म्हणता सूचना म्हणावे. बदललेला पाठ त्याच कुटुंबांत पुन्हा घ्यावा, आणि "तुम्ही म्हणालात म्हणून वेळ बदलली" असे त्यांना तोंडावर सांगावे. आपल्या बोलण्याने काही बदलले हा अनुभव आपल्या माणसांना फार कमी वेळा मिळतो. त्यानंतर ज्या वस्तीत अजून काहीच झालेले नाही तेथे दुसरी चाचणी करावी.

घरचा अभ्यास : प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. आपल्या घरी बाजार कोण करते, रांधते कोण, आणि शेवटी कोण जेवते, हे तीन दिवस पाहून वहीत लिहावे. मिठाचा नवा पुडा फोडताना त्यावर तारीख टाकावी, आईला व आजीला हिशेब समजावून सांगावा आणि त्या काय म्हणाल्या ते उजव्या बाजूला जसेच्या तसे उतरवावे. पुडा संपेल त्या दिवशीची तारीख पहिल्या तारखेखाली लिहून तो कागद पुढच्या बैठकीस घेऊन यावा.